उपग्रहाला जंगलतोड दिसते, पण ती मोजली जाते का?

रानमोजणी (धागाकर्ती)

गेली नऊ वर्षे माझे पोट उपग्रहांच्या प्रतिमांवर भरते. पडद्यावर एकेक बिंदू उघडायचा, तिथे मागच्या वर्षी जंगल उभे होते का आणि यंदा आहे का हे पाहायचे, नोंद करायची आणि पुढच्या बिंदूकडे वळायचे, असे ते काम आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते कारकुनी वाटेल आणि बरेचसे ते तसे आहेही. पण या कारकुनीतून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे आणि तिच्यावर जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढते आहे. जंगलतोडीचा नकाशा ही एक वस्तू आहे आणि जंगलतोडीचे मोजमाप ही दुसरी. छापून येते ती पहिली. कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मात्र दुसरीवर उभा राहतो, आणि या दोहोंतला फरक लाखो टनांचा असू शकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला, म्हणजे पृथ्वीवरचे जंगल पन्नासहून अधिक वर्षे वरून टिपले जात आहे. तरीही बराच काळ या प्रतिमांचा उपयोग बेताचाच होत राहिला, कारण एकेका प्रतिमेला पैसे मोजावे लागत. २००८ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने हा सारा साठा विनामूल्य खुला केला आणि त्यानंतर कामाची रीतच पालटली. मेरीलँड विद्यापीठातील मॅथ्यू हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसहा लाखांहून अधिक लँडसॅट प्रतिमा चाळून २०१३ मध्ये साऱ्या जगाचा वृक्षाच्छादन-बदलाचा नकाशा प्रसिद्ध केला. २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेले आणि ८ लाख चौरस किलोमीटर नव्याने आले, असे त्यांना आढळले. एवढ्या प्रतिमा विकत घ्याव्या लागल्या असत्या, तर हे काम कोणी हाती धरले असते असे मला वाटत नाही.

ब्राझीलची कथा याहून जुनी आहे. तिथल्या अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इन्पेने, १९८८ पासून ॲमेझॉनमधील जंगलतोडीची वार्षिक नोंद ठेवली आहे. या प्रकल्पाचे नाव प्रोदेस. त्याचे वर्ष ऑगस्ट ते जुलै असे चालते आणि मूळ जंगलातील ६.२५ हेक्टरांहून मोठी सपाट तोड तेवढी त्यात धरली जाते. २००४ मध्ये याच संस्थेने देतेर ही दुसरी व्यवस्था सुरू केली. प्रोदेस वर्षाचा ताळेबंद मांडते, तर देतेर तोड चालू असतानाच इशारा देते, म्हणजे अधिकाऱ्यांना जागेवर पोचता यावे. प्रोदेसच्या नोंदीत २००४ ची तोड २७,७७२ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ ची ४,५७१. हे श्रेय एकट्या उपग्रहाचे नव्हे. २००६ मध्ये सोयाबीनच्या मोठ्या खरेदीदारांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा माल न घेण्याचे ठरवले, सर्वाधिक तोडीच्या नगरपालिकांची यादी २००८ च्या आरंभी जाहीर झाली आणि त्याच वर्षी शेतीकर्ज पर्यावरणविषयक कायद्यांच्या पालनाशी जोडले गेले. मात्र यांपैकी प्रत्येक निर्णयाला ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ याचे उत्तर लागत होते आणि ते वरूनच येत होते.

आता जरा जवळून पाहू. लँडसॅटचा एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन, ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. एका हेक्टरात असे साधारण अकरा बसतात. पडद्यावर आम्ही डोळ्यांना न दिसणारा लघुतरंग अवरक्त पट्टा लाल रंगात आणि निकटचा अवरक्त पट्टा हिरव्या रंगात दाखवतो. घनदाट जंगल मग गडद हिरवे, किंचित खडबडीत पोताचे दिसते, कारण उंच झाडांच्या सावल्या शेजारच्या झाडांवर पडलेल्या असतात. ताजी तोड गुलाबी, जवळजवळ किरमिजी उमटते. सहा महिन्यांनी तिथे गवत किंवा झुडूप वाढले की तोच चौकोन पोपटी होतो आणि त्याचा पोत गुळगुळीत होतो. नवखा माणूस या पोपटी रंगाला जंगल समजतो. मीही पहिल्या वर्षी समजले होते आणि माझे चाळीसेक बिंदू परत तपासावे लागले होते.

संगणकही नेमका इथेच फसतो. फरक इतकाच की तो चाळीस बिंदूंवर न थांबता कोट्यवधी पिक्सेलांवर तीच चूक करतो. मग ‘नकाशात लाल झालेले पिक्सेल मोजा, हेक्टर काढा, कार्बनने गुणा’ ही रीत कितपत भरवशाची आहे, हा माझा प्रश्न आहे.

उंबरछाया

धागा उत्तम आहे. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. दाट जंगल पुष्कळदा भरपूर पावसाच्या प्रदेशात असते आणि तिथे महिनोन्महिने ढग असतात. छायाचित्रच निघत नसेल, तर सारे इशारे आणि ताळेबंद कोरड्या ऋतूपुरतेच राहतात का?

सिग्मा_शून्य

माझे काम रडारशी आहे, म्हणून याचे उत्तर मी देतो.

प्रकाशीय उपग्रहांपुरती उंबरछाया यांची शंका रास्त आहे. लँडसॅटचा एक उपग्रह त्याच जागेवर १६ दिवसांनी परततो. दोन उपग्रह मिळून हे अंतर ८ दिवसांवर येते. युरोपच्या सेंटिनेल-२ ची जोडी पाच दिवसांनी येते आणि तिचा पिक्सेल १० मीटरचा आहे. पण पाच दिवसांनी आल्यावर पुन्हा ढगच दिसला, तर त्या फेरीचा उपयोग नाही. रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजते, त्यामुळे त्याला ढगांची आणि रात्रीची अडचण येत नाही. २०१४ पासून सेंटिनेल-१ मालिका हे काम करते आहे आणि तिच्या नोंदींवर नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठाने उभी केलेली इशारा-व्यवस्था पावसाळी उष्णकटिबंधीय जंगलांत चालू आहे.

पण रडार म्हणजे ढगापलीकडचा कॅमेरा, असा समज करून घेऊ नये. सेंटिनेल-१ ची तरंगलांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर आहे. एवढी आखूड लहर वरच्या पानांवर आणि बारीक फांद्यांवरच आपटून परत फिरते. खोडापर्यंत ती पोचतच नाही. झाडे तोडून ओंडके जागीच पडू दिले, तर प्रतिध्वनी काही आठवडे कमी होत नाही, उलट कधी वाढतो. पाऊस पडून माती भिजली की मोकळ्या जमिनीचा प्रतिध्वनी जंगलाइतका होतो आणि तोड लपते. डोंगराच्या रडारकडे तोंड केलेल्या उतारावर प्रतिमा चेपली जाते, तर पलीकडच्या उतारावर नुसता अंधार असतो. म्हणून आम्ही एका नोंदीवर विश्वास ठेवत नाही. पहिली शंका आली की ती ‘संभाव्य’ म्हणून टिपायची, आणि पुढच्या फेऱ्यांत तीच घट टिकून राहिली तरच ‘खात्रीची’ म्हणायची. खात्री वाढते तशी घाई हातची जाते, ही या कामातली कायमची ओढाताण आहे.

हिशेबी

रानमोजणी ताई, आपला मूळ मुद्दा मला अजून पटलेला नाही. नकाशाची अचूकता ९५ टक्क्यांहून अधिक असल्याचे मी अनेक अहवालांत वाचतो. मग पिक्सेल मोजून येणारे क्षेत्रफळही पाच टक्क्यांच्या आतबाहेर बरोबर असले पाहिजे. यात गफलत नेमकी कुठे आहे?

रानमोजणी

हिशेबी, गफलत ‘एकंदर अचूकता’ या शब्दप्रयोगात आहे. समजुतीसाठी माझ्याच मनाने काही आकडे घेते.

एक लाख हेक्टर जंगल आहे. नकाशा म्हणतो की ९८,००० हेक्टर शाबूत आहे आणि २,००० हेक्टर तुटले आहे. आता या दोन्ही भागांतून मी यादृच्छिक बिंदू उचलते, शाबूत भागातून ५०० आणि तुटलेल्या भागातून २००, आणि प्रत्येक बिंदू अधिक स्पष्ट प्रतिमेवर डोळ्यांनी तपासते. तुटलेल्या भागातल्या २०० पैकी १७० ठिकाणी खरोखर तोड आढळते, म्हणजे ८५ टक्के. शाबूत म्हटलेल्या ५०० पैकी फक्त ५ ठिकाणी तोड निघते, म्हणजे अवघा एक टक्का. नकाशाची एकंदर अचूकता ९८ टक्क्यांच्या वर भरते आणि नकाशा करणारे खूश होतात.

आता हेक्टर काढा. २,००० चे ८५ टक्के म्हणजे १,७००. ९८,००० चा एक टक्का म्हणजे ९८०. खऱ्या तोडीचा अंदाज झाला २,६८० हेक्टर, म्हणजे नकाशापेक्षा एकतृतीयांशाने अधिक. शाबूत भाग इतका अफाट मोठा आहे की त्यातली एक टक्का चूकही तोडीच्या सगळ्या आकड्याला हलवून जाते. शिवाय ते पाच बिंदू म्हणजे केवळ पाच बिंदू आहेत. तीन निघाले असते किंवा आठ निघाले असते. ही अनिश्चितता मांडली तर ९५ टक्के विश्वासपातळीवर उत्तर २,६८० च्या दोन्ही बाजूंना सुमारे ८६० हेक्टर असे येते. खरी तोड १,८०० हेक्टर असू शकते आणि ३,५०० असू शकते.

पुढची पायरी कार्बनची. हेक्टरी ३२० टन कोरडा जैवभार, म्हणजे झाडांचे वाळलेले वजन, धरला, तर त्यात कार्बन साधारण ४७ टक्के, म्हणजे १५० टन. कार्बनवरून कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी ४४ भागिले १२ ने गुणायचे, म्हणजे हेक्टरी ५५० टन. पिक्सेल मोजणाऱ्याच्या वहीत ११ लाख टन येतील आणि नमुना तपासणाऱ्याच्या वहीत पावणेपंधरा लाख. जंगल आणि उपग्रह दोघांचे एकच आहेत.

नकाशा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. बिंदू कुठून किती उचलायचे हे नकाशाच सांगतो. तो नसता तर २,००० हेक्टर शोधायला हजारो बिंदू लागले असते. वैज्ञानिक साहित्यात ही रीत निदान दहा वर्षे प्रस्थापित आहे. तरीही जाहीर होणारे बरेच आकडे पिक्सेल मोजूनच काढलेले असतात, आणि दोन वर्षांची तुलना करताना तर ते अधिकच धोक्याचे असते. २०१३ च्या ज्या जागतिक नकाशाचा उल्लेख मी वर केला, तो दरवर्षी पुढे वाढवला जातो, पण मधल्या काळात त्याची गणनपद्धती सुधारत गेली आहे. त्यामुळे अलीकडच्या वर्षांत अधिक तोड ‘दिसण्या’चा काही भाग नजर सुधारल्याचा असतो. हे त्या नकाशाचे कर्ते स्वतःच सांगतात. नकाशा वापरणारे ते वाचत नाहीत.

हिशेबी

पटले. ‘शाबूत भागातली एक टक्का चूक’ हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. आमच्या लेखापरीक्षणातही सर्वांत मोठे घोळ नेहमी ज्या खात्याकडे कोणी पाहत नाही त्यात सापडतात.

चौकट

क्षेत्रफळ इतके काटेकोर मोजून हेक्टरी कार्बनचा आकडा पुस्तकातून उचलणार असाल, तर पुढची अर्धी चूक तिथे आहे. माझा व्यवसाय वनमोजणीचा आहे. हेक्टरी ३२० टन हा आकडा आपण किती सहज लिहिलात! तो मिळवण्यासाठी कोणाला तरी आखलेल्या भूखंडातल्या प्रत्येक झाडाभोवती छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, टेप गुंडाळावा लागतो, जात ओळखावी लागते, लाकडाची घनता पाहावी लागते आणि मग समीकरणातून वजन काढावे लागते. ते समीकरणही कोणी तरी कधी तरी झाडे तोडून, तुकडे करून, वाळवून, काट्यावर तोलून बसवलेले असते. उपग्रह झाड तोलत नाही.

२०१८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे गेलेले जेडाय हे उपकरण लेसरचे स्पंद सोडून २५ मीटर व्यासाच्या ठशांत झाडांची उंची आणि छत्राची, म्हणजे वरच्या पानाफांद्यांच्या थराची, उभी रचना मोजते. हे फार मोलाचे काम आहे. पण ते ठसे एकमेकांपासून दूर असतात, मधल्या जागेचा अंदाजच बांधावा लागतो, आणि उंचीवरून वजनाकडे जायचे तर पुन्हा जमिनीवरच्या टेपवाल्या माणसाकडेच यावे लागते.

सिग्मा_शून्य

चौकट यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. रडारची लहर जितकी लांब, तितकी ती छत्राच्या आत शिरते. साडेपाच सेंटिमीटरची लहर विरळ जंगलापलीकडे काही सांगू शकत नाही. जैवभार वाढला तरी प्रतिध्वनी तेवढाच राहतो. २४ सेंटिमीटरची लहर बरीच पुढे जाते, पण हेक्टरी शे-दीडशे टनांच्या आसपास तीही थकते, आणि घनदाट पर्जन्यवन याच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणून युरोपीय अंतराळ संस्थेने २९ एप्रिल २०२५ रोजी सोडलेल्या बायोमास उपग्रहावर सुमारे ७० सेंटिमीटर लांबीची लहर वापरली आहे. ती पाने ओलांडून खोडांवर आणि जाड फांद्यांवर आपटते, आणि जंगलातला बहुतेक कार्बन तिथेच असतो. याच लहरीवर अमेरिकेची अवकाशातील वस्तूंवर लक्ष ठेवणारी रडारे चालत असल्यामुळे हा उपग्रह उत्तर अमेरिका आणि युरोपवरून जाताना गप्प राहतो! त्याच्या जैवभार नकाशातला चौकोन २०० मीटरचा, म्हणजे ४ हेक्टरांचा असणार आहे. तोड शोधायला तो भरड आहे. साठा सांगण्यासाठी तो पाठवला आहे.

त्याच वर्षी ३० जुलैला नासा आणि इस्रो यांचा निसार गेला. त्यावर २४ सेंटिमीटर आणि साधारण १० सेंटिमीटर अशा दोन लहरी आहेत आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागी परततो. या दोन उपग्रहांच्या नोंदी एकमेकींना कशा पूरक ठरतात, याची मला सर्वाधिक उत्सुकता आहे.

मृगजळ

आपण सारे तज्ज्ञ आहात, मी नाही. पण एक विचारतो. ही सगळी मोजणी शेवटी कार्बन क्रेडिट विकण्यासाठीच आहे ना? ‘आम्ही हे जंगल तुटू दिले नाही, पैसे द्या’ असे म्हणणाऱ्याने ते तोडलेच नसते, तर पैसे कशाचे? न घडलेली तोड कोणत्या उपग्रहाला दिसते?

रानमोजणी

मृगजळ, न घडलेली तोड कोणालाच दिसत नाही. ती आधाररेषेतून येते. ‘आम्ही नसतो तर एवढी तोड झाली असती’ असा अंदाज आधी मांडला जातो आणि त्यातून प्रत्यक्ष तोड वजा केली जाते. प्रत्यक्ष तोडीचा आकडा आम्ही जिवापाड तपासतो. ज्यातून तो वजा होतो तो अंदाज मात्र प्रकल्प चालवणाऱ्याने निवडलेला असू शकतो. २०२३ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सहा देशांमधील २६ प्रकल्पांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण प्रकल्प नसलेल्या जागांशी केली गेली. बहुतेक प्रकल्पांनी तोड लक्षणीयरीत्या कमी केल्याचे दिसले नाही, आणि जिथे घट होती तिथेही ती दाव्याहून पुष्कळ कमी होती. ही तुलना उपग्रहांच्या नोंदींमुळेच शक्य झाली, हेही ध्यानात घ्यावे.

याउलट, आधाररेषा अंदाजाने न ठरवण्याचेही उदाहरण आहे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या ब्राझीलच्या ॲमेझॉन निधीने मागच्या दहा वर्षांची सरासरी तोड हीच आधाररेषा धरली. पहिल्या खेपेस १९९६ ते २००५ ची सरासरी, म्हणजे सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. दर पाच वर्षांनी ही सरासरी पुढे सरकते, म्हणजे जुन्या मोठ्या तोडीचा फायदा कायम घेता येत नाही. कार्बन मुद्दाम हात राखून हेक्टरी १०० टन धरला आणि कार्बन डायऑक्साइडच्या टनाला ५ डॉलर असा दर ठरवला. नॉर्वेने त्यात सर्वाधिक पैसा घातला. या रीतीतही उणिवा आहेत, पण हिशेब चार ओळींत मांडता येतो आणि कोणालाही तो पुन्हा करून पाहता येतो. साऱ्या देशाचा किंवा खोऱ्याचा हिशेब एकत्र असल्यामुळे, एका दरीत तोड थांबवून ती शेजारच्या दरीत ढकलली तरी ती आकड्यात येतेच. लहान प्रकल्पांत ही गळती हमखास सुटते.

पायवाट

मी इशाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला काम केले आहे. ज्या संस्थेसाठी ते केले तिचे नाव सांगत नाही. आमच्याकडे अक्षांश-रेखांश यायचे आणि आम्ही दोघे-तिघे तिथे चालत जाऊन काय आहे ते पाहून यायचो. एका खेपेस आम्हाला मिळालेला इशारा प्रत्यक्ष नोंदीनंतर एकोणीस दिवसांनी कार्यालयातून आमच्यापर्यंत पोचला. नोंदीतून इशारा निघायला दोन दिवस लागले होते; उरलेले सतरा दिवस तो कोणाच्या तरी टपालपेटीत होता. जाऊन पाहतो तो बुंधे जळून काळे पडलेले आणि त्यांच्या मधून मका टाचभर वर आलेला. राखेत बोट खुपसले तर खाली अजून ऊब होती, कारण मुळे आतून धुमसत होती. तोडणारे कधीच निघून गेले होते.

दुसऱ्या एका इशाऱ्यासाठी दीड दिवस चाललो, तर नदीने वळण बदलून काठ झाडांसकट गिळला होता. उपग्रह खोटे बोलला नव्हता, झाडे खरोखर गेली होती. पण कोणी तोडली नव्हती. नोंदवहीत ‘तोड’ आणि ‘तोड नाही’ असे दोनच रकाने होते. आम्ही समासात ‘नदी’ असे लिहिले आणि पुढे ते कोणी वाचले की नाही, मला कळले नाही.

म्हणून इशारा किती लवकर निघाला यापेक्षा तो कोणाच्या हाती पडला, हे मी आधी विचारतो. पेरूच्या ॲमेझॉनमध्ये ७६ आदिवासी गावांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी काही गावांतल्या लोकांना प्रशिक्षण देऊन, गस्तीचा मोबदला देऊन, इशारे थेट त्यांच्या हाती दिले. त्या गावांत तोड पहिल्या वर्षी ५२ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी कमी झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात २२ देशांमधील इशाऱ्यांच्या वर्गणीदारांचा परिणाम पाहिला होता. आफ्रिकेत तोड १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. इतर खंडांत तसा परिणाम दिसला नाही.

उंबरछाया

पायवाट, आपला प्रतिसाद वाचून थांबावेसे वाटले. तोडणाऱ्यांनाही हे उपग्रह ठाऊक असतात का?

पायवाट

चांगलेच ठाऊक असतात. देतेर सुरुवातीला २५ हेक्टरांहून लहान तुकडा पाहू शकत नव्हती. पुढे ब्राझीलमध्ये तोडीचे तुकडे लहान होत गेले, आणि अभ्यासकांनी त्याची नोंद केली आहे. दुसरा मार्ग म्हणजे मोठी झाडे ठेवून खालचे सारे कापायचे आणि मग आग लावायची. वरून छत्र हिरवेच दिसते.

चौकट

पायवाट यांनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकाराला आम्ही जंगलाची अवनती म्हणतो, आणि या धाग्याच्या शीर्षकात तिला जागाच नाही! २०२१ मध्ये नेचर क्लायमेट चेंजमध्ये आलेल्या अभ्यासानुसार, २०१० ते २०१९ या काळात ब्राझीलच्या ॲमेझॉनमधील जमिनीवरच्या जैवभाराच्या घटीपैकी ७३ टक्के घट अवनतीने झाली आणि २७ टक्के सपाट तोडीने. निवडक झाडे ओढून नेली की छत्रातली भोके वर्षा-दोन वर्षांत पानांनी बुजतात. पण जे खोड गेले ते भरायला अनेक दशके लागतात. पिक्सेल पुन्हा हिरवा, कार्बन मात्र गेलेला. ओलसर पीट जमिनीचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर साचलेल्या दलदलीचे, याहून वाईट आहे. जंगल तोडून चर खणले की खालचा पीट वर्षानुवर्षे कुजत राहतो. नकाशावर ती तोड एकाच वर्षाच्या रंगात येते, उत्सर्जन मात्र पुढची अनेक वर्षे चालू असते.

मृगजळ

आणि जंगल म्हणजे काय हे कोण ठरवते?

चौकट

ज्याची व्याख्या त्याचे जंगल. अन्न व कृषी संघटना अर्धा हेक्टर जागा, पाच मीटर उंचीची झाडे आणि दहा टक्के छत्र असे निकष लावते, आणि मुख्यतः शेतीसाठी असलेली झाडे वगळते. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर आणि दहा टक्के छत्र धरते, मग जमीन कोणाची आणि झाड कशाचे हे पाहत नाही. फळबागाही त्यात येतात. २०१३ चा जागतिक नकाशा ‘जंगल’ हा शब्दच टाळतो आणि ‘वृक्षाच्छादन’ म्हणतो. त्यामुळे कागदासाठी लावलेली निलगिरी कापली तरी तिथे घट दिसते. तिघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते एका तक्त्यात शेजारी मांडले की भांडण सुरू होते.

नीरव

मी आजवर नुसता वाचत होतो. आकड्यांवर सरकारे रागावतात, त्याबद्दल कोणी लिहिले नाही. २०१९ मध्ये तोडीचे वाढते आकडे प्रसिद्ध झाल्यावर ब्राझीलच्या अध्यक्षांनी त्यांवर जाहीर शंका घेतली आणि इन्पेचे संचालक रिकार्दो गॅल्व्हाओ यांना पद सोडावे लागले. नोंदी मात्र खुल्या होत्या. कोणालाही त्या उतरवून पडताळता येत होत्या. २०२१ मध्ये प्रोदेसचा आकडा १३,०३८ चौरस किलोमीटरपर्यंत चढला, आणि २०२४ मध्ये पुन्हा ६,२८८ पर्यंत खाली आला. मधल्या काळात मोजण्याची रीत तीच राहिली होती, म्हणून हे चढउतार वाचता येतात.

हिशेबी

रानमोजणी ताई, शेवटचा व्यावहारिक प्रश्न. आपण बिंदू डोळ्यांनी तपासता, पण त्या डोळ्यांना कोण तपासते? दोन माणसांनी एकाच बिंदूवर वेगळे उत्तर दिले, तर खरे कोणते धरता?

रानमोजणी

प्रत्येक बिंदू तीन जण स्वतंत्रपणे पाहतात आणि एकमेकांची उत्तरे त्यांना दिसत नाहीत. तिघांचे जुळले तर प्रश्न मिटला. नाही जुळले, तर तिघे एकत्र बसून त्या जागेच्या सगळ्या वर्षांच्या प्रतिमा पुन्हा लावतात. बहुतेक मतभेद पानगळीच्या जंगलांत होतात, कारण कोरड्या ऋतूत पाने गळाली की उभे जंगलही आमच्या पडद्यावर गुलाबी छटा धरते. पुढच्या पावसाळ्यातली प्रतिमा मिळाली की ते सुटतात.

काही सुटत नाहीत. मागच्या महिन्यात एका बिंदूचा पिक्सेल बरोबर जंगलाच्या कडेवर पडला होता. अर्धा जंगलात, अर्धा नव्या मोकळ्या पट्ट्यात. मी ‘तोड’ म्हटले, दुसऱ्याने ‘शाबूत’ म्हटले, तिसरीने आधी एक आणि मग दुसरे म्हटले. आम्ही पाऊण तास वाद घातला आणि शेवटी तिन्ही उत्तरे, ‘एकमत नाही’ या शेऱ्यासह, तशीच नोंदवली. तो बिंदू शाबूत भागातल्या पाचशेंपैकी एक होता. माझ्या वरच्या उदाहरणाचे प्रमाण धरले, तर त्या एका बिंदूच्या मागे १९६ हेक्टर उभे होते.